आज कोणाचा नंबर?

ऑफिसातल्या लोखंडी कपाटाशेजारी दोन डेस्कटॉप ठेवलेले होते, प्लॅस्टिकच्या कव्हरात. कव्हर काढलं तेव्हा मॉनिटरच्या कडेला कुंकवाची बोटं दिसली, एकावर एक सुकलेली. दर दसऱ्याला त्यांची पूजा व्हायची, हार चढायचा आणि दुसऱ्या दिवशी कव्हर परत चढायचं. सातवीतली एक मुलगी झाडू घेऊन माझ्यासोबत होती. तिला विचारलं, "याला कधी हात लावला का गं?"

"नाही जी मॅडम," ती म्हणाली. "पाह्यला हाये."

ही गोष्ट २०२४ च्या जुलैची. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला भरतात. आमच्या विदर्भात, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातही, ऊन उतरायची वाट पाहून त्या वर्षी १ जुलैला उघडल्या. माझी बदली घाटंजी तालुक्यातल्या या जिल्हा परिषद शाळेवर नुकतीच झाली होती. सहावी-सातवी मिळून तेवीस मुलं. पऱ्हाटी (कापूस) आणि सोयाबीनवाल्यांची काही, उरलेली मजुरी करणाऱ्यांची. फोन बहुतेकांच्या घरात आहे. रील्स कशा लावायच्या, आवाज देऊन गाणं कसं शोधायचं, हे त्यांना मला शिकवायची गरज नव्हती.

मग कॉम्प्युटरच कशाला, असं एका पालकाने मला विचारलं. मी त्यांना माझ्या भाच्याचं सांगितलं. पोरगं हुशार, बारावीपर्यंतचा सगळा अभ्यास फोनवर केलेला. एमएचटी-सीईटीची परीक्षा कॉम्प्युटरवर असते. त्या दिवशी केंद्रावर त्याने आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात धरला. घरी आल्यावर म्हणाला, "मावशी, उत्तरं येत होती, पण बाण जिथं पाहिजे तिथं जाऊन थांबतच नव्हता." त्यानंतर २०२३ ची तलाठी भरतीही कॉम्प्युटरवरच झाली. आमच्या मुलांनी अभ्यास करून जायचं आणि तिथं माउसशी झगडत बसायचं, हे मला सहन होत नाही. म्हणून मी कपाटाची किल्ली मागितली.

"बिघडले तर जबाबदारी कोणाची?" असा प्रश्न आला. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम सामानाच्या नोंदवहीत, दोन संच चढलेले होते आणि रजिस्टरातली वस्तू शाबूत असणं महत्त्वाचं होतं. मी लेखी अर्ज दिला की जबाबदारी माझी. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवला, तेव्हा एक आबाजी म्हणाले, "ठेवून ठेवून तं खासरही सडते." खासर म्हणजे बैलगाडी. तिथंच मंजुरी मिळाली.

आधी लाइनचं पाहिलं. वर्गातल्या बोर्डाला तीन छिद्रांचं सॉकेट होतं, पण अर्थिंगची तार मागे कुठेच जोडलेली नव्हती. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायच्या. मुलांचे पाय उघडे, पावसाळ्यात फरशी ओली. हे सुधारल्याशिवाय एकाही मुलाला जवळ येऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं. गावातल्याच इलेक्ट्रिशियन भाऊंनी शाळेमागे खड्डा खणून पाइप पुरला, भोवती मीठ आणि कोळसा भरला, पाणी ओतलं आणि तार आत आणली. दुसऱ्या दिवशी पत्र्याला टेस्टर लावून पाहिलं, दिवा लागला नाही, म्हणजे पत्र्यात करंट उरला नव्हता. डेस्कटॉप सुरू करायला निघालेल्या कोणालाही माझं पहिलं सांगणं हेच राहील. नेट-बिट सगळं नंतर.

मग झाकण उघडलं. आत धुळीचा थर आणि पंख्याशेजारी पालीची दोन अंडी. मुलं भोवती गोल करून उभी. ब्रशने धूळ झाडली, वायरी ओळीने लावल्या: निळ्या टोकाची पंधरा पिनांची वायर मॉनिटरची, जाड काळ्या दोन वीजेच्या, बारीक चपट्या कीबोर्ड-माउसच्या. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच, आणि आतून टीं... टीं... असा आवाज थांबूनथांबून येत राहिला. यवतमाळच्या एका दुकानदाराला फोन लावला. आवाज ऐकूनच तो म्हणाला, "मॅडम, रॅम काढा आणि खोडरबरने घासा."

रॅम म्हणजे लांबट हिरवी पट्टी, तिच्या खालच्या काठाला सोनेरी दात. प्लग काढून ठेवला, पट्टी बाहेर घेतली आणि दात काळवंडलेले दिसले. एका मुलाने दप्तरातून खोडरबर दिला. पाटीवरचं पुसतात तसं हळूच घासलं, कपड्याने झटकलं, परत खाचेत दाबून बसवलं, दोन्ही बाजूंचे चाप कट् करून लागले. पुन्हा बटण. या वेळी एकच छोटी बीप आली आणि पडदा उजळला. दुसरा संच काही केल्या उठला नाही, त्याची रॅमची पट्टी काढून पहिल्यात लावली आणि दोन जीबीचे चार जीबी झाले. मुलं कॅबिनेटला सीपीयू म्हणतात, सगळीकडेच म्हणतात. त्या दिवशी मी त्यांना आतला खरा सीपीयू कुठे असतो ते दाखवलं, पंख्याखाली, चौकोनी बिस्किटाएवढा.

नेटसाठी वेगळं काही घेतलं नाही. माझ्या फोनची चार्जिंगची वायर कॉम्प्युटरला लावली आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केलं. डेस्कटॉपमध्ये वाय-फाय नसलं तरी हे चालतं, आणि फोन चार्जही होत राहतो. रेंज फक्त पूर्वेच्या खिडकीत येते, म्हणून टेबल तिथे सरकवलं.

आणि इथे आम्ही चार दिवस अडकलो.

ब्राउझर उघडायचा, पण कोणतीही साइट लावली की पानाऐवजी इशारा यायचा: हे कनेक्शन सुरक्षित नाही, मागे फिरा. बालभारतीची साइट लावली तरी तेच, हवामान खात्याची लावली तरी तेच. मला वाटलं व्हायरस शिरला. मग वाटलं फोनच्या नेटमध्येच काही असेल. दुसऱ्या शिक्षकांचा फोन लावून पाहिला, तरी इशारा जागचा हलला नाही. चौथ्या दिवशी सहावीतला एक मुलगा, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, "मॅडम, याच्यात तं जानेवारी चालू हाये. आपल्या इथं तं आगस्ट हाये ना?"

कोपऱ्यात २०११ सालचा जानेवारी होता.

सगळं तिथेच होतं. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. लाइन नसतानाही आतलं घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. वर्षानुवर्षं कव्हरात राहून तो संपला होता, त्यामुळे वीज तोडली की घड्याळ परत पहिल्या तारखेला जायचं. सुरू होताना काळ्या पडद्यावर दर वेळी तसं लिहून येत होतं आणि एफ१ दाबायला सांगत होतं. आम्ही न वाचताच दाबत होतो.

तारीख चुकली तर साइट का उघडू नये, हे मुलांना कसं सांगावं याचा मी रात्रभर विचार केला. सकाळी एसटीच्या पासवरून सांगितलं. तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुलींकडे पास असतो, त्यावर कधीपासून कधीपर्यंत ते छापलेलं असतं. तसं प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यालाही सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. ब्राउझर हा कंडक्टर. तो पास पाहतो आणि आपल्याजवळच्या कॅलेंडरशी ताडून पाहतो. आता कंडक्टरच्या हातातलं कॅलेंडरच २०११ चं असेल तर?

"तं तो सगळ्यायले उतरवून देईन," मागून आवाज आला.

"पास खरा असून बी," दुसरीने जोडलं.

तारीख नीट केली आणि साइट लगेच उघडली. घड्याळवाल्याकडून सेल आणून बसवला. त्या दिवसापासून कॉम्प्युटर सुरू केला की आधी तारीख मोठ्याने वाचायची, हा आमच्याकडे नियम झाला. तो मुलगा रोज वाचतो.

पण अजून एक अडचण होती. मशीनमध्ये विंडोज ७ होतं. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० पासून बंद झालं आहे, आणि क्रोमच्या नव्या आवृत्त्याही २०२३ च्या फेब्रुवारीपासून त्याच्यासाठी निघत नाहीत. मुलांना जुन्या ब्राउझरवर नेटवर सोडायला माझं मन घेईना. नवीन विंडोज त्या मशीनला पेललं नसतं. शेवटी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं, त्यातली हलकी एक्सएफसीई आवृत्ती. ते फुकट आहे आणि चार जीबी रॅमवर व्यवस्थित चालतं. फाइल मी घाटंजीला नातेवाइकांच्या घरच्या वाय-फायवर उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर चढवली आणि एका रविवारी शाळेत बसून टाकली. सोबत फायरफॉक्स हा ब्राउझर आयताच येतो. मुलांसाठी वेगळं खातं केलं, ज्यातून काही टाकता किंवा उडवता येत नाही, आणि फायरफॉक्सला जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन जोडलं. हे एक्स्टेन्शन जोडायच्या आधी एकदा "तुम्ही फोन जिंकलात" अशी पाटी पडद्यावर आली होती. ज्याच्या हातात माउस होता त्याचा चेहरा उजळला तो मला आठवतो. खोट्या पाटीने मुलाला असं फसवणं फार वाईट.

आता वाटणी. तेवीस मुलं, एक मशीन, पस्तीस मिनिटांचा तास. वर्गाला समोर बसवून शिकवलं तर एकेकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं, आणि खरं सांगायचं तर तेही येत नाही, कारण माउस दोन-तीन दांडग्या मुलांच्याच हातात राहतो. पहिल्या आठवड्यात तेच झालं. मुली मागे उभ्या राहून "इकडं ने, तिकडं ने" सांगत होत्या आणि हात पाठीमागे बांधलेले. तेव्हा मी यादी केली. रोज तीन जण, प्रत्येकी वीस मिनिटं: एक प्रार्थनेच्या आधी, एक मधल्या सुट्टीत, एक शाळा सुटल्यावर. पाहायला कोणीही बसावं, बोलावंही, पण ज्याचा नंबर त्याच्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही. आठ दिवसांत एक फेरी होते. यादी दाराला चिकटवली आणि सकाळी फाटकातूनच ओरडा ऐकू यायला लागला, "आज कोणाचा नंबर हाये?"

मीसुद्धा हात लावायचा नाही, हा नियम पाळणं सगळ्यात अवघड गेलं. मूल चुकतंय, बाण भलतीकडे चाललाय, आणि आपला हात आपोआप पुढे जातो. एकदा मी एका मुलीच्या हातावरून माउस घेतला. तिने हात मांडीवर ठेवला तो वीस मिनिटं संपेपर्यंत परत वर केलाच नाही. त्यानंतर मी खुर्ची दोन हात मागे ठेवते.

मागे बसल्यामुळे दिसायला लागलं की अडतं नेमकं कुठे. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक मुलाने पडद्याला बोट लावलं. फोनची सवय. मग माउस धरला की नजर माउसवर, बाणावर नाही. "मॅडम, हा बाण पयते!" माउस टेबलाच्या काठापर्यंत जायचा, बाण अजून निम्म्या पडद्यावर, आणि मूल हात ताणून ताणून अर्धं उठायचं. माउस उचलून परत मध्ये ठेवला तर बाण जागेवरच राहतो, ही गोष्ट आपल्याला इतकी साधी वाटते की सांगायचं सुचतही नाही. ती त्यांना कळली तेव्हा एकाने दहा वेळा उचलून ठेवून पाहिलं. डबल क्लिकचंही तसंच. दोन टिचक्यांच्या मध्ये हात हलतो, म्हणून उघडत नाही. मनगट टेबलावर टेकवा आणि फक्त बोट हलवा, एवढं सांगितलं की जमतं.

सप्टेंबरात पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोट्टे लाकडी बैल सजवून गावभर फिरले. त्या फेरीत चित्राच्या प्रोग्राममध्ये सगळ्यांनी बैल काढले. माउसने बैलाचं शिंग काढणं म्हणजे हाताची परीक्षा आहे. वळण घेताना बटण सुटलं की रेघ तुटते. पहिले बैल डुकरासारखे दिसत होते, मुलंच म्हणाली. दुसऱ्या फेरीत वशिंड आलं, तिसऱ्या फेरीत एकाने झूलवर नक्षी काढली. माउस शिकवायला मला याहून चांगलं काही सापडलं नाही.

टायपिंगसाठी वीस मिनिटं पुरत नाहीत. म्हणून प्रत्येकाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कीबोर्ड काढला, खऱ्या मापाचा, बटणं मोजून. घरी जेवण झालं की त्यावर बोटं चालवायची. मराठीसाठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी घेतली. इंग्रजी अक्षरांत 'काय' लिहून त्याचं मराठी करणारी पद्धत सोपी दिसते, पण तिला इंग्रजी स्पेलिंग लागतं, आणि आमची मुलं तिथेच अडखळतात. इनस्क्रिप्टला मराठीच पुरे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क तिथेच ख, फक्त शिफ्ट दाबून. प तिथे फ. त तिथे थ. ल तिथे ळ. बाराखडी येणाऱ्या मुलाला ही मांडणी लगेच आपली वाटते.

कापूस लिहायचं तर के, ई, एच, टी, एम. क, काना, प, दीर्घ उकार, स. मुलांनी ते गाण्यासारखं पाठ केलं. वेलांटीपाशी मात्र गोंधळ झाला. 'विहीर' लिहिताना डोळ्यांना पहिली वेलांटी व च्या आधी दिसते, म्हणून मुलं ती आधी दाबायची. बोलताना आधी काय येतं ते दाबा, म्हटलं: आधी व, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आपण होऊन व च्या अलीकडे जाऊन बसते. रफारही तसाच: 'विदर्भ' मध्ये र, मग पाय मोडायचं बटण, मग भ, आणि र उडी मारून भ च्या डोक्यावर. हे पाहून एक मुलगी इतकी हसली की तिने सूर्य, पर्वत, दर्या, वर्ग असे आठवतील तेवढे शब्द लिहून काढले. जिने हात मांडीवर ठेवला होता तीच ही. तिने आपल्या पहिल्या नंबरला पूर्ण लिहिलेला शब्द 'माय' होता. सी, ई, आणि खालच्या ओळीतलं स्लॅश.

ब्राउझर शिकवताना कळलं की मुलांच्या लेखी गुगल म्हणजेच नेट. पत्ता असा काही प्रकार असतो हेच माहीत नाही, कारण फोनवर सगळं ॲपमधून उघडतं. मी पत्रावरच्या पत्त्यापासून सुरू केलं. आपण आधी नाव लिहितो, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. मोठं ते शेवटी. साइटचा पत्ताही तसाच वाचायचा. 'मौसम डॉट आयएमडी डॉट जीओव्ही डॉट इन' यात इन म्हणजे भारत, जीओव्ही म्हणजे सरकार, आयएमडी म्हणजे हवामान खातं, आणि मौसम हे त्यातलं घर. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचं शेपूट पाहायचं. कोणी शिष्यवृत्तीच्या नावाने लिंक पाठवली आणि मधेच कुठेतरी जीओव्ही लिहिलेलं असलं पण शेपूट भलतंच असलं, तर ते सरकारी नाही. हे मी तीन वेळा फळ्यावर काढून घेतलं. आठवीला एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि अशाच गोष्टींच्या नावावर खोट्या लिंका गावच्या ग्रुपवर फिरतात.

नोव्हेंबरात कापूस वेचणी जोरात होती. एका मुलाचे वडील शाळा सुटताना आले, नंबर त्यांच्या पोराचाच होता. म्हणाले, "हमीभाव किती हाये ते पाह्यजा बरं." पोराने मराठीत टाइप केलं. पहिल्या पानावर आलं ७,०२०. बाप म्हणाला, "व्यापारी तं म्हणते साडेसात जाहीर झाले." पोरगं गप्प झालं. मी मागूनच म्हटलं, दुसरी टॅब उघड. कंट्रोल आणि टी. दुसऱ्या पानावर ७,५२१. आता खरं कोणतं? मी काही बोलले नाही. त्याने पहिली टॅब परत लावली, वरपासून खालपर्यंत चाक फिरवलं, आणि थांबला. "बाबा, हे २०२३-२४ चं हाये." दुसरं २०२४-२५ चं: लांब धाग्याला ७,५२१, मध्यम धाग्याला ७,१२१. दोन्ही पानं खरीच होती, एकावरचा भाव मागच्या हंगामाचा होता. मग बापाने विचारलं, आपला कापूस लांब धाग्याचा की मध्यम? तो शोध पुढच्या नंबरला लागला, कारण वीस मिनिटं संपली होती.

रेंज जाते तेव्हासाठी किविक्स नावाचं सॉफ्टवेअर टाकून ठेवलं आहे. त्यात मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की नेट नसतानाही पानं उघडतात. लाइन जाते तेव्हासाठी यूपीएस आहे. त्याची बॅटरी मेली होती, लोकवर्गणीतून नवी घातली. दहा-एक मिनिटं मिळतात. लाइन गेली की यूपीएस ओरडतो, आणि सुरुवातीला मुलं घाबरून उठून पळायची. आता जे बसलेलं असतं ते आपलं लिहिलेलं सेव्ह करतं, बंद करायची आज्ञा देतं, पडदा काळा होईपर्यंत थांबतं आणि मगच यूपीएसचं बटण दाबतं.

मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो उपग्रहाचा नकाशा. मी लोणारपासून सुरुवात केली, कारण बुलडाण्याच्या त्या सगळ्या शेतांमध्ये ते विवर वरून असं गोल दिसतं की डोळा आपोआप तिथे जातो. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, ते फोटोही पाहून झाले. पण लोणार दोन मिनिटांत मागे पडलं आणि सगळ्यांना आपापलं वावर पाहायचं होतं. मी कोणाला ते शोधून दिलं नाही. घाटंजीपासून रस्ता धरून या, नाला धरून या, म्हटलं. माउसचं चाक, बाणाची पकड, ओढत नेणं, सगळं त्या शोधात पक्कं झालं. "हे आमची इहीर!" "हे धुऱ्यावरची बाभूळ हाये, पाय!" बाभळीच्या सावलीवरून त्यांनी चित्र सकाळचं की दुपारचं यावर वाद घातला.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारातून हे पाहत असायच्या. डिसेंबरात एक दिवस भांडी घासून झाल्यावर आल्या आणि दाराला लावलेल्या यादीकडे पाहत म्हणाल्या, "मॅडम, याच्यात माह्यं नाव बसन का जी?"

यादीच्या शेवटी चोवीसावं नाव त्यांच्याच देखत लिहिलं. मंगळवारी शाळा सुटल्यावर त्यांचा नंबर आला. हात पदराला दोनदा पुसले, तरी माउस धरायला तयार होईनात. 'माय' लिहिणारी मुलगी शेजारी बसली होती. नियमाप्रमाणे तिने हात लावला नाही. "मावशी, पोळपाटावर लाटणं धरता ना, तसं हलकं धरा," तिने सांगितलं.

मावशींचं माहेर पैनगंगेच्या पलीकडे. वडील गेल्यापासून जाणं झालेलं नाही. त्यांना तेच पाहायचं होतं. बाण दोनदा भलतीकडे गेला, एकदा नकाशा एवढा लहान झाला की सगळा देशच दिसायला लागला. मुलगी म्हणाली, चाक तुमच्याकडून पुढं ढकला. हळूहळू नदी आली, तिची वळणं आली, मावशी वळणं मोजू लागल्या. तिसऱ्या वळणापाशी थांबल्या. एक देऊळ असावं असा पांढरा ठिपका, त्याला लागून हिरवा गोळा.

"हे आमची चिच असन," त्या म्हणाल्या. "इथंच झोका बांधत होतो आम्ही."

चिंच होती की कडुनिंब, वरून कळायला मार्ग नव्हता. त्यांनी माउस सोडला नाही. वीस मिनिटं झाली तेव्हा शेजारी घड्याळ धरून उभ्या असलेल्या मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि त्याने घड्याळ खिशात ठेवलं.